रोटाचे भाऊबंद

रविवार, १० जुलै १९३८. मुक्काम बोरटेक

आजचं काम: काही नाही.
उद्याचं काम: बहुधा तेच.

ही वही देताना नामदार म्हणाले, चुडामण, रोज किती प्रगती झाली ते लिहीत जा. प्रगती दोन ओळींत मावते. उरलेलं पान कोरं सोडणं माझ्याच्यानं होत नाही, म्हणून ते माझं. वही दाखवायची वेळ आली की वरच्या दोन ओळींवर बोट ठेवायचं आणि बाकीच्यावर तळहात.

नामदार म्हणजे प्रकाशचंद. धरणगावच्या कापसाच्या पेढीवरचे, जैन, वय एकतीस, वकिली शिकलेले आणि गेल्या वर्षापासून मंत्री. एवढ्या लहान वयात मंत्री झालेला माणूस थोराड दिसायला काहीतरी करतोच. यांनी मिशी राखली आहे. काळीभोर, दोन्ही टोकांना पीळ. विचार करताना डावं टोक पिळतात, राग आला की उजवं. आमची ओळख फैजपूरची. तिथल्या काँग्रेसच्या अधिवेशनात मी तंबूच्या खुंट्या ठोकायला होतो. हे एका दोरीला अडखळून तोंडावर पडले, मी उचलून धूळ झटकली. उचलणारा माणूस कायम लक्षात राहतो. दोरी कोणी बांधली होती ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

त्याआधी मी जामनेरचा. सातवीच्या परीक्षेला निघालो होतो, वाटेत तमाशाचा तंबू लागला. पुढचं सांगण्यासारखं नाही.

तर काम असं. कायदेमंडळात नामदार अस्पृश्यांच्या पाण्यावर बोलायला उभे राहिले, तेव्हा समोरच्या बाकावरून कोणी म्हणालं, मंत्रिमहाशय मुंबईचा नळ पितात आणि खेड्यातल्या विहिरीवर बोलतात. सगळे हसले, यांच्या बाजूचेसुद्धा. नामदारांनी उजवं टोक पिळलं आणि सांगून टाकलं, की माझ्याच भागातल्या बोरटेक गावात यंदाच्या पोळ्याच्या आत सगळं गाव एका विहिरीवर पाणी भरेल, नाहीतर मी खुर्ची सोडीन. बोरटेकच का, असं मी विचारलं. म्हणाले, त्या क्षणी दुसरं नाव आठवलं नाही.

मला पुढे पाठवलंय ते गावाचं मन तयार करायला.

बुधवार, १३ जुलै

प्रगती: पाटील सर्व गोष्टींना हो म्हणाले.

हीच अडचण आहे. मगन पाटील कशालाच नाही म्हणत नाही. विहीर सरकारी पैशाने बांधलेली? हो. म्हणजे सगळ्यांची? हो. मग नाल्यापलीकडच्या अस्पृश्य वस्तीनं पाणी भरायला हरकत नाही? "कसानी हरकत? बठ्ठं गाव तयार शे." मग उद्यापासून? उद्या पाटील गावात नाही. परवा? परवा विहिरीचा दोर बदलायचाय. तेरवा? तेरवा बघू. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. हो म्हणणाऱ्याचं काय करायचं, हे कुठल्याच भाषणात सांगितलेलं नाही.

तिथून नाल्यापलीकडे महारवाड्यात गेलो. त्यांचं पाणी म्हणजे नाल्याच्या वाळूत खणलेला झिरा. पावसात नाला आला की झिरा बुजतो. मग बायका घागरी घेऊन विहिरीपासून लांब, लिंबाखाली बसतात. वरच्या कोणाला दया आली तर लांबून ओततो, नाही आली तर नाही.

मी भाषण सुरू केलं, "हरिजन बंधूंनो." वना नावाचा तरुण उठला. चार वर्षं मुंबईच्या गिरणीत होता, त्याला भाषणांची सवय आहे. म्हणाला, "नाव नवं दिधं भाऊ. पानी जुनंच शे."

मी म्हटलं, नामदार पोलीस आणतील.

"पोलीस दोन रोज ऱ्हातीन. आमले तिसरा रोजले बी तहान लागस."

मी त्याला गिरणीतल्या गमती विचारल्या. संध्याकाळ छान गेली.

मंगळवार, १९ जुलै

प्रगती: लोकमताचा अभ्यास.

या गावात वर्तमानपत्र येत नाही आणि लागतही नाही. रोज सकाळी विहिरीवर बसलं की सगळं कळतं. मगन पाटलाची आई झुंबरबाई विहिरीच्या दगडावर बसते. ताईबाई, म्हणजे वनाची आजी, लांब लिंबाखाली घागर घेऊन बसते. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या आणि तेव्हापासून रोज सकाळी अशाच बसतात म्हणे, मधे तेवढंच अंतर ठेवून. पूर्वी झुंबरबाई स्वतः पोहरा ओढून ताईबाईच्या घागरीत ओतायची. आता हात चालत नाहीत. दोघींचे कानही गेलेत. त्यामुळे होतं काय, की दोघी ओरडून बोलतात आणि कोणाच्या सुनेनं तूप लपवलं, कोणाच्या जावयाला मूळव्याध आहे, हे मला आठ दिवसांत पाठ झालं.

आज झुंबरबाई ओरडली, "आयकाले येत नही माय. मोठ्यानं बोल."

ताईबाई म्हणाली, "मोठ्यानं बोलू तं बठ्ठं गाव आयकस. तो देख, जामनेरवाला कान लायीसन बठेल शे."

मी उगीच आभाळाकडे पाहिलं.

"मंग मरस तोपावत असंच का?" झुंबरबाई म्हणाली. मग तिनं वस्तीतल्या कोणाच्या पोरांची नावं काय, असं एकेक विचारायला सुरुवात केली. ताईबाई सांगत राहिली. म्हातारपणी माणसाचा काय भरवसा, पन्नास वर्षं शेजारी राहून नावं विसरली.

शुक्रवार, २९ जुलै

प्रगती: नामदार स्वतः आले. सहभोजन ठरलं.

नामदारांनी मगन पाटलाला सांगितलं, विहिरीच्या आधी आपण सगळे एकत्र जेवू. एका पंक्तीत बसलेला माणूस दुसऱ्याला पाणी नाकारत नाही. पाटील म्हणाला, हो. अगदी योग्य. फक्त ज्यानं त्यानं आपापल्या घरची भाकरी आणावी, आपापल्या जागी बसावं आणि एकाच वेळी घास घ्यावा. एकाच आभाळाखाली जेवलं म्हणजे झालं की सहभोजन.

नामदारांचा हात उजव्या टोकाकडे गेला. स्वैपाक एकच होईल, म्हणाले, आणि तो धरणगावचा स्वैपाकी महाराज करील, म्हणजे कोणाला शंका नको. त्यांना मोकळा दिवस एकच होता, रविवार सात ऑगस्ट. पाटलानं तोही मान्य केला, जरा जास्तच आनंदानं. नंतर कळलं, त्या दिवशी घरोघर कानबाई देवी बसते, उठून बाहेर जेवायला येणार कोण? आमच्याकडे कानबाई बसत नाही, मला एवढंच ठाऊक की त्या दिवशी लोकांकडे गोड असतं आणि बाहेरच्याला मिळत नाही.

आणखी एक. नामदार सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. आई चंदनबाईंना शब्द दिलाय. मंत्रिपद सोडतील, हा शब्द सोडणार नाहीत. म्हणजे पंगत उजेडात बसली पाहिजे. महाराजाला आणायची जबाबदारी माझी. नामदार म्हणाले, चुडामण, वाटेत कुठे थांबू नकोस. मी म्हटलं, मी काय लहान आहे?

गुरुवार, ४ ऑगस्ट

प्रगती: सरपणाची व्यवस्था.

सरपण मागायला पाटलाच्या घरी गेलो, तर झुंबरबाई सुपात गहू घेऊन बसलेली. डोळे मिटून, ओठ हलवत, मूठ मूठ गहू टोपलीत टाकत होती. मला वाटलं जप आहे. जप नव्हे. हे कानबाईच्या रोटाचे गहू. घराण्यात जेवढे पुरुष, धाकटा पाळण्यातला धरून, प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ. त्या गव्हाचे जे रोट, म्हणजे जाड पोळ्या, होतात ते भाऊबंदांनीच खायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीनंसुद्धा नाही. उंबऱ्याबाहेर तुकडा जायचा नाही. खाऊन धुतलेल्या हाताचं पाणी रस्त्यावर टाकायचं नाही.

मी विचारलं, आणि बाहेरच्यानं खाल्लं तर?

"मंग तो बाहेरना ऱ्हास कोठे?" झुंबरबाई म्हणाली. "जो रोट खाई, तो भाऊबंद."

मला गंमत वाटली. मग तिनं मला बसवून घेऊन नामदारांची चौकशी केली. खरंच दिवस मावळल्यावर जेवत नाही का? पाण्याचा घोटसुद्धा नाही? त्यांच्या बापाचं नाव काय? स्वैपाकी कुठून येणार? कोण आणणार? मी आणणार म्हटल्यावर तिनं माझ्याकडे डोकं ते पाय पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. माझ्यावर असा विश्वास आजवर कोणी टाकला नव्हता.

निघताना ऐकलं, ती पुन्हा मुठी टाकायला लागली होती. मगन, मगनचा मोठा, मगनचा धाकटा. मग वना. मग वनाचा बाप. मग आणखी तिकडचीच नावं. बिचारीला चळ लागलाय. नावांचा नुसता गोंधळ. सुना जात्यावर कुरकुरत होत्या की यंदा दळण संपता संपत नाही.

रविवार, ७ ऑगस्ट

प्रगती: सहभोजन झालं. त्यापुढचंही लिहितो.

सकाळी बैलगाडी घेऊन महाराजाला आणायला निघालो. झुंबरबाई ओसरीवरून म्हणाली, "नालावरतीन जाय भाऊ. तठे कोना शेटनी मोटार फसेल शे. देखाजोगी शे."

खरोखरच होती. नाल्याच्या गाळात चारही चाकं बुडालेली, शेट टपावर बसलेला आणि वीस-पंचवीस माणसं भोवती. मला मोटारीतलं काही कळत नाही, म्हणून सल्ला द्यायला वेळ लागला. ज्यांना कळतं ते लवकर बोलून गप्प बसतात. मोटार निघाली तेव्हा सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि मी धरणगावला पोचलो तेव्हा महाराज वाट पाहून दुसऱ्याच्या बारशाला निघून गेला होता.

परत आलो तर नामदार चावडीपुढच्या मैदानात येऊन बसलेले. सूर्य लिंबाच्या शेंड्याला. वस्तीतली सगळी माणसं धुतलेल्या कपड्यांत ओळीनं बसलेली, ताईबाई पुढे. गावातला फक्त मगन पाटील आणि त्याचे चार भाऊबंद. एक घास खायचा, फोटोवाला असलाच तर त्याच्याकडे पाहायचं आणि घरी जाऊन आंघोळ करायची, असा त्यांचा बेत दिसत होता. चुली पेटलेल्या, वर काही नाही. नामदारांनी विचारलं, महाराज कुठे आहेत? मी म्हटलं, येताहेत. कुठून, ते मी सांगितलं नाही.

धावत पाटलाच्या मागच्या दाराला गेलो. म्हटलं अक्का, काहीही द्या, भाकरी, तुकडा, नामदार उपाशी राहिले तर माझं काही खरं नाही. आणि माझं नशीब बघा. दाराआड दोन मोठ्या दुरड्या भरून, धुतलेलं फडकं झाकून तयार होत्या. शेजारी गंगाफळाच्या भाजीचं पातेलं. झुंबरबाईनं एक शब्द विचारला नाही. एवढंच म्हणाली, "मगनले शेवट वाढजो."

वाढलं. जाडसर गव्हाचे, तुपाचा हात लावलेले. नामदारांनी सूर्याकडे पाहिलं, घाईनं पहिला घास घेतला, म्हणाले, चुडामण, उत्तम झालंय. वनानं दोन खाल्ले. पोरांनी तर फडशा पाडला. शेवटी मगन पाटलानं घास तोंडात टाकला, दोनदा चावला आणि त्याचा जबडा तिथेच थांबला. त्यानं हळूच उरलेला तुकडा डोळ्यांजवळ नेला. त्याच्या भाऊबंदांनीही आपापले तुकडे पाहिले.

"हाई तं आपलं रोट शे," तो म्हणाला.

नामदारांना वाटलं तो स्वैपाकाची तारीफ करतोय. त्यांनी हसून पाठीवर थाप मारली आणि गाडीत बसून गेले. मी चावडीच्या मागे लपलो आहे. गाठोडं बांधलंय.

सोमवार, ८ ऑगस्ट

प्रगती: सांगता येत नाही.

पळालो नाही. गाडीवानानं घराची दारं लावून घेतली, मला न्यायला कोणी नव्हतं म्हणून.

सकाळी पाटलाच्या घरी सगळे भाऊबंद जमले. चौरंगावर कानबाई, म्हणजे नथ घातलेला, दागिन्यांनी मढवलेला नारळ. तिला नदीवर पोचवायची वेळ झालेली, पण कोणाचा पाय उचलेना. मला मधे उभं केलं. मी म्हटलं चूक झाली, दुरडीत काय आहे हे मी विचारलं नाही. एक जण म्हणाला याचे पाय मोडा. दुसरा म्हणाला पाय मोडून काय होणार, रोट पोटात गेलं. मगन पाटील म्हणाला, ते रोट नव्हतंच, साधी पोळी होती असं समजा.

तेव्हा झुंबरबाई बोलली. "रोट नही व्हतं तं कानबाईनं रोट कोठे शे? ती उपाशी जाई राहिनी का?"

मग एक चुलतभाऊ म्हणाला, बाहेरच्यांनी खाल्लं म्हणजे घरच्यांना कमी पडणार, आणि रोट कमी पडलं तर वर्ष वाईट जातं. बायका रडायला लागल्या. झुंबरबाई म्हणाली, वाटून तर पहा. वाटलं. आणि मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं: प्रत्येक घराला प्रत्येकाचं रोट मिळालं, एक कमी नाही, एक जास्त नाही. एवढी माणसं जेवून गेल्यावर. बायकांनी कानबाईपुढे डोकी टेकली. मीसुद्धा टेकलं. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा नाही, पण डोळ्यांदेखत झालं त्याला काय म्हणणार?

"कानबाईनं पुरं करं," झुंबरबाई म्हणाली. "आते तिले सांगाले जातस का, का तू चुकनी म्हनीसन? रोट खादं ते भाऊबंद. भाऊबंदशी भांडता येस. पानी बंद करता येत नही."

मगन पाटील नेहमीप्रमाणे हो म्हणाला. पण दारापर्यंत जाऊन वळला. "ज्यानं रोट त्यानं सुतक बी. नुसतं खावापुरता भाऊबंद आमले नको. घरमा सुतक पडू दे, मंग देखू कोन पाळस. नामदारनी पाळं नही तं बठ्ठंच खोटं."

ही चाल मला पटली नाही, पण भाऊबंदांना फार पटली. सगळ्यांनी कोपऱ्यात बसलेल्या आबांकडे पाहिलं. आबा म्हणजे मगनचे थोरले चुलते, वय नव्वद की शंभर यावर गावात वाद आहे. आबांना ते पाहणं आवडलं नाही.

संध्याकाळी वस्तीत जाऊन सगळं सांगितलं. वाटलं वना नाचेल. तो म्हणाला, "पाटीलना भाऊबंद व्हवानं का नही, हाई आमले कोनी इचारं नही." आणि ताईबाईकडे पाहिलं. ती घागर घासत होती, ऐकू आलं नसावं.

शुक्रवार, १२ ऑगस्ट

प्रगती: आबा वारले.

शांतपणे गेले, सकाळी दूध पिऊन. वना आणि वस्तीतली माणसं बोलावण्याची वाट न पाहता आली आणि लाकडं फोडली. कोणी नको म्हणालं नाही, कोणी या म्हणालं नाही.

दुपारी मगन पाटलानं मला बोलावून घेतलं, फार गोड बोलला आणि धरणगावला तार करायला पाठवलं. नामदार अधिवेशनासाठी पुण्यात आहेत; रोटाचं आणि सुतकाच्या अटीचं मी त्यांना पत्रानं कळवलंय, मोटारीचं आणि दुरडीचं सोडून. तार अशी: चुलते वारले, सुतक पाळा, दाढी करू नका, दहाव्याला मिशी काढायला या. तारबाबूनं तीनदा वाचली आणि विचारलं, खरंच मंत्र्यांना पाठवायची? मी म्हटलं, भाऊबंद आहेत.

पाटलाचा हिशोब मला आता कळला. नामदार आले नाहीत तर रोट खोटं, रोट खोटं तर विहीर बंद. आणि मिशीवर हात ठेवल्याशिवाय ज्याला विचार करता येत नाही तो ती देणार का? पोळा तेरा दिवसांवर. मला रडू आलं. मग धरणगावात भजी खाल्ली.

बुधवार, १७ ऑगस्ट

प्रगती: वर्तमानपत्र मिळालं.

धरणगावला पेढीवर गेलो. नामदारांच्या आई चंदनबाई ओसरीवर बसल्या होत्या. भीत भीत सगळं सांगितलं, फक्त मोटारीचं सोडून. त्या म्हणाल्या, आपल्या काकांचं नाव काय होतं? मी सांगितलं. त्यांनी ते एकदा पुटपुटलं आणि आत निरोप दिला की दहा दिवस घरात गोड करू नका.

वर्तमानपत्र पेढीवरच होतं. त्यात आलंय की तरुण मंत्री गेले काही दिवस दाढी वाढवून सभागृहात येत आहेत. समोरच्या बाकावरून कोणी विचारलं, मंत्रिमहाशयांना वैराग्य आलं काय? नामदारांनी उत्तर दिलं, माझे बोरटेकचे चुलते वारले आहेत. सभागृह हसलं नाही, असं छापलंय. कसं हसणार? कोणाच्या मरणाला हसतात का?

पेपर घेऊन बोरटेकला आलो आणि मगन पाटलाला वाचून दाखवला. तो म्हणाला, दाढी ठीक आहे. दाढी परत येते.

रविवार, २१ ऑगस्ट

प्रगती: खाली सविस्तर. आज तळहात ठेवणार नाही.

नदीकाठी आबांचं दहावं. सगळे भाऊबंद, वस्तीतले पुरुष, न्हावी मधे दगडावर. नामदार पहाटेच्या गाडीनं आले, दाढी वाढलेली, खिशात भाषणाचे कागद. सरळ न्हाव्यापुढे जाऊन बसले आणि डोळे मिटले. आधी दाढी गेली. मग वस्तरा मिशीवर आला. डावं टोक पाण्यात पडलं, मग उजवं.

मी फैजपूरपासून त्यांना ओळखतो. उठले तेव्हा ओळखलं नाही. वरचा ओठ पांढराफटक, पोराचा चेहरा. ते सवयीनं मिशी पिळायला गेले आणि बोटं हवेतच राहिली. कोणीतरी फसकन हसलं. बघतो तर मगन पाटील. इतके दिवस तो तोंडानं हसायचा, आज पोटानं हसला. "नामदार, तुमी तं दुसरीमा जानारा पोऱ्या दिसतस." मग तो बसला, त्याची गेली. आणि नामदार त्याच्याकडे पाहून हसले.

मग वना बसला.

न्हाव्याचा हात थांबला. वस्तीचं डोकं त्यानं कधी केलं नव्हतं, त्याच्या बापानंही नाही. नामदारांनी खिशातल्या भाषणाला हात घातला. वना उठेल असं वाटलं, पण तो उठला नाही, समोर पाण्याकडे पाहत बसला. सगळे मगन पाटलाकडे पाहत होते. या वेळी हो म्हणून चालणार नव्हतं आणि गप्प राहूनही.

पाटलानं आपल्या उघड्या ओठावरून हात फिरवला. "काय देखस?" तो न्हाव्याला म्हणाला. "एकनी बी मिशी ऱ्हायनी तं आबानं सुतक फिटावं नही. आम्हनी गयी, त्यानी बी जाऊ दे."

वस्तरा चालला.

सगळ्यांनी नदीत बुडी मारली. नामदारांचे भाषणाचे कागद खिशातच होते, लगदा झाला. ते भाषण आता कोणालाच ऐकावं लागणार नाही. गावात परतलो तर झुंबरबाई विहिरीच्या दगडावर पोहरा घेऊन उभी. तिनं वनाच्या हातात दोर दिला. "ओढ भाऊ. मना हात चालत नही." वनानं ओढला, पहिली घागर भरली, आणि मगन पाटलाच्या सुनेनं आपली घागर तिच्या शेजारी ठेवली. नामदार ओंजळीनं पाणी प्याले. सूर्य अजून वर होता.

जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. विचारलं, महाराज का आला नाही? मी खरं सांगून टाकलं, मोटार फसली होती. ती बघायला तुला कोणी सांगितलं? झुंबरबाईनं. दुरडी कोणी दिली? झुंबरबाईनं. गहू कोणी मोजले? मी मुठीचं आणि तिच्या चळाचं सांगितलं, तिनं यांच्या बापाचं नाव विचारलं होतं तेही. नामदार माझ्याकडे पाहत राहिले आणि मग हसायला लागले. इतके, की पोटाला हात लावून झाडाला टेकले. काय झालं ते सांगेनात. मिशी गेली की माणसाचं असं होत असावं.

मी म्हटलं, माझी चूक झाली, हवं तर मला काढा. ते म्हणाले, चुडामण, अशी चूक करणारी माणसं खात्याला हवी आहेत. बढतीच समजतो.

गुरुवार, २५ ऑगस्ट, पोळा

प्रगती: नामदारांची खुर्ची राहिली. खेड्यातल्या विहिरीवर बोलायचं असेल तर नुसतं पाणी पिऊन चालत नाही, सुतकही पाळावं लागतं, असं त्यांनी काल सभागृहात सांगितलं म्हणे.

बोरटेकला भांडणं जोरात आहेत. पाटलाचे भाऊबंद बांधावरून भांडतात आणि वनाला साक्षीला ओढतात. तो वैतागलाय. म्हणतो, मुंबईला गिरणीत बरं होतं, तिथे एकच मालक होता.

माझं मात्र इथलं मन उडालं. आज सकाळी विहिरीवर गेलो. बैल धुवायची गर्दी, शिंगांना रंग, पोरांचा गोंधळ. लिंबाखाली कोणी नव्हतं. विहिरीच्या दगडावर झुंबरबाई आणि तिच्या शेजारी ताईबाई, खांद्याला खांदा लावून. झुंबरबाई तोंड ताईबाईच्या कानाशी नेऊन बोलते, मग ताईबाई तिच्या कानाशी. मी बैलाच्या आडोशानं जवळ गेलो, अगदी हात पुरेल इतका. एक अक्षर ऐकू आलं नाही. कोणाच्या सुनेनं काय लपवलं, कोणाचा जावई कसा आहे, आता या गावात काही कळायची सोय उरली नाही. अशा ठिकाणी राहून लोकमताचा अभ्यास कसा करायचा? उद्या निघतो. एरंडोलकडे कोणाचा हत्ती आलाय म्हणतात.

एवढं मात्र दिसलं, की झुंबरबाई काहीतरी कुजबुजली, ताईबाईनं वळून माझ्याकडे डोकं ते पाय पाहिलं, आणि दोघी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.